मागचे शॉक ॲब्सॉर्बर बदलताना
शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ दिसू लागला, की दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावेत. पुढच्या चाकांना ठोकळे लावून गाडीचा मागचा भाग नुसत्या जॅकवर न ठेवता स्टँडवर टेकवावा. बोल्ट काढण्यापूर्वी ॲक्सलखाली जॅकचा आधार द्यावा, कारण अनेक गाड्यांत ॲक्सलला शॉक ॲब्सॉर्बरच रोखून धरतो आणि तो सुटताच ॲक्सल खाली आदळून ब्रेकची नळी ताणली जाऊ शकते. नवा शॉक ॲब्सॉर्बर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा व ओढावा, म्हणजे तेलात शिरलेली हवा वर सरते आणि दांडा अडखळत नाही. खालचा बोल्ट मात्र गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पक्का आवळावा. घाईत हीच पायरी वगळली जाते, आणि लोंबत्या ॲक्सलवर आवळलेला रबरी बुश (बोल्टभोवतीची रबराची गादी) कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.