निफाडची थंडी आली, द्राक्षबागेचं पहाटेचं पाणी चुकवू नका

उत्तरेचा वारा सुरू झाला आहे. नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर, कधी त्याच्याही खाली येतो. नेमकं तेव्हाच लवकर छाटलेल्या बागांत मण्यांत पाणी उतरलेलं (मणी मऊ पडून गोडी भरू लागलेली) असतं. दरवर्षी तडकलेले घड बघतो आणि बहुतेक बागांत कारण तेच निघतं. गोडी भरावी म्हणून पाणी तोडलेलं, बोद (वेलींच्या ओळीखालचे मातीचे उंच वरंबे) कोरडे, मग थंडी पडल्यावर घाबरून एकदम सोडलेलं पाणी.

कोरडी माती दिवसाचं ऊन धरून ठेवत नाही. ओली माती धरते आणि रात्री ती ऊब वर सोडते. विहिरीचं, बोअरचं पाणीही पहाटेच्या हवेपेक्षा कोमट असतं. म्हणून रोजचंच पाणी द्या, तेवढंच द्या, फक्त पहाटे ३ पासून सूर्योदयापर्यंत थोडं थोडं करून. वाढवू नका. शेततळ्याचं पाणी रात्री गार पडतं, त्यामुळे विहीर असेल तर तिचंच घ्या. त्या वेळेला लाइट नसेल तर संध्याकाळी उशिरा द्या, पण रान कोरडं ठेवून झोपू नका.

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा रोजचा पारा बघत जा. माझा स्वतःचा अंदाज असा: दिवस मावळताना वारा पडला, आभाळ स्वच्छ असलं आणि गोदाकाठच्या खोलगट रानात पायाला गारवा लागला, तर त्या रात्री उठायचंच. गार हवा खाली उतरून साचते, म्हणून खोलगट तुकड्याला आधी पाणी.

शेकोट्या करायच्या तर बांधाला छोट्या छोट्या, बऱ्याच. एका मोठ्या जाळाची ऊब सरळ वर निघून जाते. नुसत्या धुरावर माझा फारसा भरवसा नाही. टायर जाळू नका.

थंडीत दुकानदार 'थंडीचं टॉनिक' म्हणून महागडी बाटली हातात देतो. पाण्याची वेळ चुकलेली बाग बाटलीनं सावरलेली मी पाहिलेली नाही. एकरभराच्या घरच्या बागेला तो खर्च झेपतही नाही. ते पैसे फिल्टर आणि ड्रीपरवर घाला.

बाकीची कामं:
- भुरी (पानांवर-घडांवर पांढरी भुकटी दिसणारा बुरशीरोग): गंधक ८० डब्ल्यूडीजी (पाण्यात मिसळणारे दाणे), २ ग्रॅम प्रति लिटर, ऊन वर आल्यावर. गारठ्यात ते नीट काम करत नाही. पानांआडचे घडही भिजले पाहिजेत.
- निर्यातीची बाग: अनेक्शर-५ (द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी) च्या बाहेरचं काही नको, काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यातलं अंतर) पाळा.
- पांढऱ्या वाणांत पिंक बेरी (मणी गुलाबी पडणं): पाणी उतरण्याआधी घडांना कागद.
- बोदावर पाचट.
- तडकलेले मणी त्याच दिवशी कात्रीनं काढा, नाहीतर शेजारचे मणी सडतात.

पाणी तोडायचंच असेल तर थंडीची लाट ओसरू द्या, मग हळूहळू कमी करा. वाण थॉमसन असो की शरद, कोरड्या मुळांवर अचानक पाणी आलं की ताणलेली साल फाटतेच.

आज संध्याकाळी फिल्टर धुवा, लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोकं सोडून गाळ काढा, आणि पहाटे मोटारीवर कोण जाणार याची घरात पाळी लावा.