मुलांसाठी रॉक वाजवताना

आमचा बँड मुलांसाठी रॉक वाजवतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे मुलंच वाजवतात?" नाही. वाजवणारे आम्ही चाळिशीच्या आसपासचे, कुणी बँकेत, कुणी शाळेत, कुणी घरच्या दुकानात. मुलं असतात समोर. त्यांच्यासोबत आई-बाबा, आणि गोव्यातच आहोत म्हणून आजी-आजोबाही. हल्ली काही तरुण वादक भेटतात आणि असाच बँड काढायचाय, सुरुवात कुठून करू, असं विचारतात. त्यांच्यासाठी हे लिहितोय. फोंड्यात राहून, नोकरी सांभाळून जे हाताला लागलं तेवढंच.

आधी एक गैरसमज दूर करतो. हा प्रकार म्हणजे मोठ्यांच्या संगीतातलं अवघड काढून टाकलं की उरतं ते, असं बऱ्याच जणांना वाटतं. ऑस्ट्रेलियातला 'द विगल्स' हा या क्षेत्रातला फार गाजलेला बँड १९९१ मध्ये सिडनीत निघाला. त्यातले तिघे मॅक्वारी विद्यापीठात बालशिक्षण शिकलेले होते. म्हणजे तीन-चार वर्षांचं मूल किती वेळ एका जागी बसतं, त्याला काय कळतं, कशाला घाबरतं, याचा अभ्यास करून ती माणसं स्टेजवर चढली. आपल्याकडे कुणी तसा कोर्स करत नाही, पण बालवाडीच्या एखाद्या बाईंना तालमीला बोलवायला काय हरकत आहे? आम्ही बोलावतो. त्या गाणं ऐकून एकच गोष्ट सांगतात: "इथे मुलांनी काय करायचं?" याचं उत्तर आमच्याकडे नसेल तर ते गाणं परत जातं.

मला सांगायचं ते मुख्यतः हेच आहे. मुलांच्या गाण्यात मुलांची जागा मोकळी ठेवायची असते, आणि चांगल्या वादकाला नेमकं तेच जड जातं.

आमच्या एका गाण्याची सुरुवात अशी आहे:

पाऊस आला... (धप धप धप!)
छत्री कुठाय?... (घरी!)
दप्तर भिजलं... (सगळं!)
आई काय म्हणेल?...

शेवटच्या प्रश्नाला ठरलेलं उत्तरच नाही. तिथे चार मात्रा पूर्ण शांत. मिनिटाला ११० मात्रांच्या लयीत चार मात्रा म्हणजे साधारण सव्वादोन सेकंद. कागदावर हे काहीच नाही, स्टेजवर मात्र गिटारवाल्याला ते बघवत नाही. त्याचे हात शिवशिवतात, एखादी छोटीशी फ्रेज, म्हणजे सुरांचा तुकडा, टाकू का म्हणतो. टाकू द्यायची नाही. लहान मुलाला प्रश्न ऐकून, शेजारच्याकडे बघून, धीर गोळा करून ओरडायला तेवढा वेळ लागतोच. कुणी "मारील!" म्हणतं, कुणी "आयस्क्रीम ना!" म्हणतं. साखळी गावाकडच्या एका शाळेत मागच्या रांगेतून एका मुलीने अगदी थंडपणे सांगितलं, "आई ऑफिसात आसा." सगळा हॉल हसला, आमचा ड्रमर पुढची सम चुकला, आणि त्या दिवसापासून ते गाणं आम्ही नेहमी शेवटीच ठेवतो, कारण त्यानंतर पाच मिनिटं कुणी ऐकण्याच्या मनःस्थितीत नसतं.

सवाल-जवाबाची ही रीत गोव्यातल्या मुलांना शिकवावी लागत नाही. गणेश चवथीच्या आरत्या ऐकत वाढलेलं मूल, घरी कोकणीच बोलणारं असलं तरी, मराठी आरत्यांच्या ओळी तोंडपाठ म्हणतं, कुठे थांबायचं आणि कुठे सगळ्यांनी उचलायचं हे त्याला ठाऊक असतं. हातात झांज मिळावी म्हणून भांडणारी मुलं तुम्ही पाहिलीच असतील. त्यामुळे भाषेची काळजी फार करू नका. आमची गाणी मराठीत, मधलं बोलणं कोकणीत. पेडणे-सत्तरीच्या मराठी शाळेत आणि पणजीतल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तीच गाणी चालतात. शब्द मात्र हाताला लागतील असे हवेत: बोंडू (काजूचं फळ), रेनकोट, पोदेराचा म्हणजे पाववाल्याचा भोंपू. "स्वप्नांच्या गावा" वगैरे लिहाल तर पहिल्या कडव्यातच मुलं बुटाच्या नाड्यांशी खेळायला लागतील.

आता पट्टी, म्हणजे गाणं किती उंच सुरांत धरायचं ते. नवे बँड इथे हटकून अडतात. पाच-सहा वर्षांची मुलं आरामात गातात ती पट्टी पेटीवरच्या मध्य सप्तकातल्या पांढरी दोनपासून पांढरी सहापर्यंत, म्हणजे डी ते ए. म्हणून मुलांनी म्हणायची ओळ आम्ही बहुतेक वेळा डी मेजरमध्ये बसवतो. सा ते प एवढ्यातच ती संपते. कडव्यात गायकाने हवं तिथे फिरावं, पण ध्रुवपद त्या पाच सुरांच्या बाहेर न्यायचं नाही. पुरुष गायक असेल तर तो सगळं एक सप्तक खाली गातो, आणि काही मुलं त्याच्या मागे तळाशी जाऊन नुसती पुटपुटतात. यावर उपाय एकच, ध्रुवपदाला स्त्रीचा आवाज ठेवा. आमच्याकडे कीबोर्डवर बसणाऱ्या ताई ते करतात. त्या मूळच्या भजनातल्या, पेटीवर वाढलेल्या.

यावरून माणसं जमवण्याचा विषय निघतो. गोव्यात वादकांची वानवा नाही, पण ते वेगवेगळ्या घरांतून आलेले असतात. आमचा बास गिटार वाजवणारा दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचा, बीट ग्रुपमध्ये, म्हणजे पाश्चात्त्य गाण्यांच्या बँडमध्ये, लग्नं वाजवलेला, त्याआधी चर्चच्या कॉयरमध्ये. तो सोल्फेज (दो-रे-मी म्हणत सूर वाचण्याची पद्धत) शिकला तो पोर्तुगीज वळणाचा, त्यात 'दो' म्हणजे कायम सी. ताईंचा 'सा' मात्र गाण्याबरोबर हलतो. तालमीत ताई म्हणणार "इथे म लाव", तो म्हणणार "सोल?", आणि दोघेही बरोबर! यावर आम्ही वाद घालत बसत नाही. प्रत्येक गाण्याचा एकच कागद करतो: वर कॉर्ड, खाली सरगम, कोपऱ्यात सा कुठला ते लिहिलेलं. असा कागद पहिल्या दिवसापासून करा. पुढे एखादा वादक आजारी पडला तर बदली माणूस त्या कागदावर उभा राहतो. शिकायचंच असेल तर गोवा संगीत महाविद्यालय आहे, कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य दोन्ही संगीताचे वर्ग आहेत, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत, ट्रिनिटीच्या रॉक अँड पॉपच्या ग्रेड आहेत. प्रमाणपत्र बघून आम्ही कुणाला घेतलेलं नाही, पण सरगम आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही स्वरलिपी वाचणारा माणूस मिळाला तर सोडू नका.

घुमट या गोव्याच्या लोकवाद्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण ते आमच्या बँडचं अर्धं नाक आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. मातीचं भांडं, दोन्ही बाजूंनी उघडं, मोठ्या तोंडावर चामडं. पूर्वी घोरपडीचं असे. ती १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात, आणि तुम्हीही घेताना तेच विचारून घ्या. एक हात चामड्यावर, दुसरा मागच्या लहान तोंडावर. तो हात झाकला-उघडला की खर्ज वाकतो. माइक चामड्यासमोर लावला तर फक्त टप्पटप्प ऐकू येतं. तो मागच्या तोंडाजवळ, वादकाच्या हाताला लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवला की मग तो खालचा हुंकार मिळतो आणि बेस ड्रमची अर्धी गरज संपते. साउंडवाला ऐकत नाही. त्याला प्रत्येक वेळी नव्याने समजवावं लागतं. पावसाळ्यात दमट हवेने चामडं सैल पडतं, म्हणून शेक देऊन ताण परत आणायचा. शाळेच्या स्टाफरूममध्ये विस्तव कुठून आणणार? आम्ही हेअर ड्रायर नेतो. जुन्या घुमटवाल्यांना हे सांगितलं तर ते तोंड फिरवतात.

त्याच दमट हवेत गिटारच्या तारा गंजतात. गिटार केसमध्येच ठेवा, आत सिलिकाची पाकिटं टाका, आणि जून ते सप्टेंबर तारांचा एक जादा संच जवळ बाळगा. याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही.

आवाजाच्या पातळीवर मात्र मी कुणाचं ऐकून घेत नाही. हेडफोनवरून गाणी ऐकण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मुलांना दिलेली मर्यादा ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. मोठ्यांसाठी ती ८० आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. पत्र्याच्या छपराच्या शाळेच्या हॉलमध्ये नुसता ड्रम किट जोरात वाजवला तरी १०० च्या घरात जातो. म्हणून आमचा ड्रमर जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या वापरतो, त्यांना रॉड्स म्हणतात. स्पीकर स्टेजवर ठेवत नाही, स्टँडवर मुलांच्या डोक्यांच्या वर चढवतो. पहिली रांग दोन-तीन मीटर मागे घेतो. फोनवरचं डेसिबल मोजणारं ॲप काटेकोर नसतं, तरी कुठे वाढलंय तेवढं कळतं. एखादं मूल कानांवर हात ठेवून बसलेलं दिसलं तर गाणं चालू असतानाच आवाज खाली करायचा, आयोजक मागून "आणखी वाढवा" अशी खूण करत असला तरी. रॉकचा जोर डेसिबलमध्ये नसतो, तो लयीत असतो, आणि मुलांना लय पुरते.

वेळेचंही असंच. लाउडस्पीकरला रात्री १० नंतर बंदी असते, ते सगळ्यांना माहीत. मुलांची अडचण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. जत्रेच्या किंवा वार्षिक स्नेहसंमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत आपलं नाव "रात्रौ ८.३०" असं दिसलं की समजायचं, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रमुख पाहुणे, अध्यक्षीय भाषण आणि बक्षीस वितरण संपून साडेनऊला माइक हातात येणार, आणि पाच वर्षांची मुलं आजीच्या खांद्यावर झोपलेली असणार. भाषणांच्या आधी वेळ मागून घ्या. लेखी मागून घ्या. आयोजक वाईट वाटून घेतील, पण पुढच्या वर्षी तेच बोलावतील. आमचा कार्यक्रम पाऊण तासाचा असतो, गाणी अडीच ते तीन मिनिटांची, आणि दोन धावपळीच्या गाण्यांनंतर एक बसून म्हणायचं.

पैशाचं स्पष्ट सांगतो: यावर घर चालत नाही. मिळकत बरी होते ती डिसेंबर-जानेवारीच्या गॅदरिंगना, १४ नोव्हेंबरच्या आसपास, पर्यटनाच्या हंगामात काही हॉटेलांत आणि वाढदिवसांना. रवींद्र भवनात किंवा फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात स्वतः तिकीट लावून कार्यक्रम करायचा मोह होईल. हॉलचं भाडं आणि साउंडचा खर्च वजा जाता काय उरतं ते आधी कागदावर मांडा. व्हिडिओंवरही फार भिस्त ठेवू नका. २०२० पासून यूट्यूबवर मुलांसाठीच्या व्हिडिओंना कमेंट बंद असतात आणि बघणाऱ्याची आवड हेरून लावलेल्या जाहिराती लागत नाहीत. प्रेक्षकांतल्या मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय टाकायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

लहानपणी पाठ्यपुस्तकात वाचलेली कविता रॉकमध्ये बसवावीशी वाटते. मलाही वाटते. पण कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, आणि "सगळ्यांना पाठ आहे" म्हणून ती लोकगीत होत नाही. आजीकडून आलेली बडबडगीतं घ्या, नाहीतर स्वतः लिहा. वाईट लिहाल, हरकत नाही, मुलं दोन कार्यक्रमांत तुम्हाला कुठली ओळ टाकायची ते सांगतात.

फिनलंडमध्ये 'हेवीसॉरस' नावाचा बँड २००९ पासून आहे, डायनासोरचे पूर्ण पोशाख घालून मुलांसाठी हेवी मेटल वाजवतो. आम्हालाही कुणीतरी सुचवलं होतं. मे महिन्यात, कुडचड्याला, दुपारी अकरा वाजता? आमचा पोशाख सुती टी-शर्ट, आणि तोही जोडीला एक जास्तीचा.

शेवटचं गाणं झाल्यावर अर्धा तास राखून ठेवा. मुलांना वर येऊन वाद्यांना हात लावायचा असतो, आणि पालकांना तेव्हाच नंबर विचारायचा असतो. ॲम्प बंद करा, झांजा आणि एक जुनं घुमट खाली द्या, चांगली गिटार आत ठेवा, साधी पुढे करा. गिटार छेडायच्या छोट्या पट्ट्या, म्हणजे पिक, मूठभर जास्त न्या. त्या परत येत नाहीत.