युद्धपटात गाळलेली माणसं कशी शोधायची

युद्धातून जगून-वाचून आलेल्यांचा चित्रपट लावायचा असेल, तर आधी त्या लढाईत प्रत्यक्ष कोण कोण होतं ते वाचून घ्या. नाशिकरोडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावतो, तेव्हा ती यादी मी फळ्यावर लिहिते आणि मगच दिवे घालवते.

'डंकर्क'चंच घ्या. मे-जून 1940 मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कच्या किनाऱ्यावरून, जर्मनांच्या वेढ्यातून 3 लाख 38 हजारांहून जास्त सैनिक सुटले. त्यांत इंग्रज होते, फ्रेंच होते, आणि खेचरांवरून रसद वाहणारे रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरचे हिंदुस्थानी जवानही होते. 2017 च्या चित्रपटात ते कुठेच नाहीत. "तुकडी छोटी होती, म्हणून राहिली असेल," असं आमच्याकडे कुणीतरी म्हणतंच. त्यांना गप्प करू नका, बोलू द्या. माझं उत्तर ठरलेलं आहे: वाळूवर रांगा लावून उभी असलेली एवढी गर्दी दाखवता, तर त्यात हे चार चेहरे मावले असते.

बघताना वहीत तीन गोष्टी टिपा. माणसाला नाव आहे का? तो स्वतःच्या भाषेत बोलतो का? आणि एखादा तरी निर्णय त्याचा आहे का? पहिल्या दोन गोष्टी पटकन सापडतात, तिसरीला वेळ लागतो आणि खरं मोल तिचंच आहे. नायकाला चीड यावी एवढ्यासाठी दहाव्या मिनिटाला मरणारा सावळा शिपाई दाखवला, तर त्याला मी प्रतिनिधित्व म्हणत नाही. भाषेसाठी 'लेटर्स फ्रॉम इवो जिमा' जरूर लावा. दिग्दर्शक अमेरिकन, पण जवळपास सगळा चित्रपट जपानीत, आणि गोष्ट दुसऱ्या महायुद्धातल्या समोरच्या बाजूच्या, म्हणजे जपानी शिपायांची.

माझे वडील देवळालीला तोफखान्यात लंगरवर होते. पहाटे उठून शेकडो माणसांच्या पोळ्या करणारा माणूस सिनेमात मला क्वचितच दिसला. म्हणून आमच्या वहीत एक रकाना कामाचाही असतो: स्वयंपाकी, ड्रायव्हर, सफाईवाले, स्ट्रेचर उचलणारे. बायकांचंही तेच. खिशातला फोटो किंवा नर्स, एवढ्यावरच त्यांना आटपलं आहे का, ते बघा.

सगळीच नाराजी नको, जे जमलंय तेही दाखवा. 'अँदिजेन' हा 2006 चा फ्रेंच चित्रपट दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी लढलेल्या उत्तर आफ्रिकी सैनिकांचा. त्यातल्या पाच नटांना मिळून कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. वसाहतींतल्या या माजी सैनिकांना फ्रेंच सैनिकांपेक्षा कमी पेन्शन मिळत असे. चित्रपट आला त्याच वर्षी फ्रेंच सरकारने ती बरोबरीला आणायचं जाहीर केलं.

चर्चेला देवळाली कॅम्पकडचे निवृत्त जवान आले, तर त्यांना "किती जण मारले?" असं कुणालाही विचारू देऊ नका. पाणी कुठून यायचं, जखमीला कोण उचलायचं, पत्र लिहून कोण द्यायचं, हे विचारा. ते बोलायला लागले की घाई करू नका. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल, तर आधी त्यांची परवानगी घ्या.