बी-टू फर्स्ट: इंग्रजी येऊनही गुण जातात कुठे?

केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या वरच्या मध्यम पातळीच्या इंग्रजी परीक्षेत बऱ्यापैकी इंग्रजी येणारेही अडकतात, कारण प्रश्न नेमकं काय मागतो ते नीट वाचलेलं नसतं. पहिल्या म्हणजे वाचन आणि भाषावापराच्या पेपरचा चौथा भाग घ्या. त्यात दिलेला शब्द वापरून त्याच अर्थाचं दुसरं वाक्य पूर्ण करायचं असतं. वाक्य असतं ‘आय हॅवन्ट सीन हिम फॉर टेन इयर्स’, दिलेला शब्द ‘लास्ट’, आणि भरायची जागा ‘द ... हिम वॉज टेन इयर्स अगो’. उत्तर ‘लास्ट टाइम आय सॉ’. दिलेला शब्द धरून 2 ते 5 शब्दच चालतात. सहावा शब्द घुसडला किंवा दिलेल्या शब्दाचं रूप बदललं की गुण गेले. ‘डिडन्ट’ दोन शब्द धरला जातो, ‘कान्ट’ मात्र एकच. प्रत्येक उत्तराला 2 गुण आहेत आणि अर्धं जमलं तरी 1 मिळतो. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा जागा कोरी सोडणं हा शुद्ध वेडेपणा.

या पेपरला 75 मिनिटं, 7 भाग, 52 प्रश्न. पहिले चार भाग अर्ध्या तासात उरका, नाहीतर शेवटचे लांबलचक उतारे घाईत वाचावे लागतात. तिसऱ्या भागात मात्र दिलेल्या शब्दाचं रूप बदलूनच जागा भरायची असते; ते करताना वाक्याचा अर्थ नकारार्थी आहे का ते आधी बघा. स्पेलिंग चुकलं तर गुण नाही.

लेखनात 80 मिनिटांत दोन मजकूर, प्रत्येकी 140 ते 190 शब्द. निबंध सक्तीचा. त्यात दोन मुद्दे दिलेले असतात, तिसरा तुमचा हवा, आणि नेमका तोच राहतो. विषय पर्यटनाचा असेल, रोजगार आणि वाहतूक हे मुद्दे दिले असतील, तर तारकर्लीसारख्या गावात मे महिन्यात पाण्यावर येणारा ताण हा तिसरा मुद्दा होऊ शकतो. ‘आजच्या धकाधकीच्या युगात’ छापाची सुरुवात इंग्रजीतही तितकीच पोकळ वाटते. त्यात तीस शब्द घालवू नका. ‘दोन वर्षांपासून राहतो’ याचं ‘आय लिव्ह हिअर सिन्स टू इयर्स’ होत नाही. ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर टू इयर्स’ लिहा. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ नको. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, म्हणून शेवटची पाच मिनिटं फक्त नामांच्या आधी काय सुटलंय ते तपासायला ठेवा.

ऐकण्याचा पेपर सुमारे 40 मिनिटांचा आणि प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा लागतं. बोलणारा आधी एक सांगतो आणि मग स्वतःच दुरुस्त करतो, तेव्हा पहिला ऐकलेला शब्द टिपून मोकळे होऊ नका. सराव फक्त इअरफोनवर केलात आणि हॉलमध्ये स्पीकर असेल, तर त्याचा आवाज परका वाटेल. कधीतरी पत्र्यावर पाऊस कोसळत असताना साध्या स्पीकरवर ऐकून बघा.

तोंडी परीक्षा बहुतेक जोडीने होते, 14 मिनिटांची. दोन फोटो दिले की एकेकाचं वर्णन करत बसू नका. एका मिनिटात त्यांची तुलना करायची आणि वर छापलेल्या प्रश्नाचं उत्तरही द्यायचं. तिसऱ्या भागात दोघांनी मिळून चर्चा करायची असते; तिथे जोडीदाराला बोलूच दिलं नाही तर संवादाचे गुण तुमचेच कमी होतात. त्याला ‘व्हॉट डू यू थिंक?’ विचारा आणि तो काय म्हणतो त्याला धरून पुढे बोला.

तोंडी परीक्षा लेखीपेक्षा वेगळ्या दिवशीही असू शकते. केंद्र मुंबई, पुणे किंवा गोव्यात असेल तर दोन्ही तारखा कळल्यावरच तिकिटं काढा. ओळखपत्र मूळच न्या, झेरॉक्स नको. नोंदणीतलं नाव त्याच्याशी अक्षरशः जुळायला हवं. पावसाळ्यात कोकण रेल्वेच्या गाड्या वेगळ्या वेळापत्रकाने, कमी वेगाने धावतात. सकाळच्या पेपरला त्याच पहाटेच्या गाडीवर विसंबू नका, आदल्या दिवशीच मुक्कामाला जा.