बिग फोरच्या ऑफर तोलताना या चुका टाळा

माझी भाची नुकतीच सीए झाली. मागच्या महिन्यात ती बिग फोरची, म्हणजे डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी या चार मोठ्या अकाउंटिंग फर्मपैकी दोघांची ऑफर लेटर घेऊन डोंबिवलीहून आली. "मामा, इकडे साडेबारा लाख, तिकडे अकरा चाळीस. यात विचार कसला करायचा?" मी म्हटलं, "अगं, आधी शेवटचं पान काढ." पगाराचा ब्रेकअप तिथे असतो, आणि बरीच मुलं तिथवर पोचतच नाहीत.

पहिली चूक इथेच होते: सीटीसीचा, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करणार त्या एकूण खर्चाचा, आकडा म्हणजेच पगार समजणं. साडेबारा लाखांत एक लाख जॉइनिंग बोनस होता. तो एकदाच मिळणार, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. दीड लाख व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीनुसार कमी-जास्त मिळणारा भाग. उरलेल्या दहा लाखांतच कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलेली. बेसिक पाच लाख, म्हणजे 12 टक्क्यांनी पीएफचे 60,000 आणि 4.81 टक्क्यांनी ग्रॅच्युइटीचे सुमारे 24,000. मग तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ आणि 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स गेला की महिन्याला हातात साधारण 71,100. अकरा चाळीसमध्ये व्हेरिएबल फक्त 60,000, बाकी सगळं फिक्स्ड, बेसिक त्याच्या निम्मं. तिथे हाती येत होते 76,800. नव्या कररचनेत दोन्हीकडे आयकर शून्य, म्हणून फरक जसाच्या तसा. तिने दोनदा कॅल्क्युलेटर चालवला.

दुसरी चूक पदाच्या नावाची, आणि ती मीही केली आहे. केपीएमजीत कन्सल्टंट आणि मॅनेजर यांच्यामध्ये असिस्टंट मॅनेजरची पायरी असते. पीडब्ल्यूसीत सिनिअर असोसिएटनंतर मॅनेजर. डेलॉइटमध्ये डेप्युटी मॅनेजरही भेटतो. विभागानुसार यातही फरक पडतो. तेव्हा 'असिस्टंट मॅनेजर' ऐकायला 'सिनिअर असोसिएट'पेक्षा मोठं वाटलं तरी दोघं एकाच प्रकारचं काम करत असू शकतात. मी एका मध्यम फर्ममध्ये मॅनेजर होतो. मोठ्या फर्मने असिस्टंट मॅनेजर म्हणून बोलावलं, तर अपमान वाटून मी नाही म्हटलं. पगार जास्त होता, क्लायंट मोठे होते. त्याची हळहळ आजही वाटते. इंटरव्ह्यूत सरळ विचारा: इथून मॅनेजरपर्यंत किती पायऱ्या, आणि माझ्या लेव्हलवरची माणसं सीए होऊन किती वर्षं झाली?

अनुभव मोजतानाही मुलं फसतात. आर्टिकलशिपची, म्हणजे सीए होण्याआधी फर्ममध्ये केलेल्या प्रशिक्षणाची, वर्षं त्यात धरू नका. लेव्हल बहुधा सीए झाल्यानंतरच्या अनुभवावर ठरते. 2023 पासून नव्या योजनेत आर्टिकलशिप तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे, त्यामुळे ती जोडून केलेली तुलना आणखीच चुकते.

पत्रावर कंपनीचं पूर्ण नाव वाचा. ईवाय इंडिया आणि ईवाय जीडीएस, केपीएमजी इंडिया आणि केपीएमजी ग्लोबल सर्व्हिसेस या वेगवेगळ्या संस्था आहेत. मित्राचा पगार त्यातल्या दुसऱ्या संस्थेतला असेल तर तो तुमचा मापदंड नाही. ऑडिटमध्ये तर पत्रावर एस. आर. बाटलीबॉय किंवा बी एस आर असं नाव दिसेल. घाबरू नका, ईवाय आणि केपीएमजीच्या नेटवर्कमधल्याच त्या भारतीय फर्म आहेत.

आणि मुंबईत राहून ऑफिसचा पत्ता विसरू नका, मी हे कळकळीने सांगतो. डोंबिवलीकराला दादरच्या रुबी टॉवरला जायचं तर एक लोकल पुरते. गोरेगावच्या नेस्कोसाठी दादरला उतरून वेस्टर्न पकडावी लागते. लिस्टेड कंपन्यांचे वार्षिक निकाल 30 मेच्या आत लागतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत ऑडिटवाल्यांची शेवटची लोकल हमखास चुकते. रात्रीच्या कॅबचे पैसे फर्म देते का, कितीनंतर देते, हे जॉइन होण्याआधी विचारा.

भाचीने शेवटी दोन्ही पत्रांतल्या व्हेरिएबलच्या ओळीभोवती पेनने गोल केला आणि एचआरला मेल लिहायला बसली: "गेल्या वर्षी या लेव्हलला व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के दिलं होतं?"