पिल्लू कासव कोणत्या जातीचं? आधी पाय बघा

पावसाळा लागला की "अंगणात कासव आलंय, कोणतं आहे?" असे फोटो ग्रुपवर यायला लागतात, आणि बहुतेक फोटो नुसत्या पाठीचे. पिल्लाचे रंग नि नक्षी मोठेपणी खूप बदलतात, म्हणून पाठीवरून जात ठरवायची घाई करू नका, पाय बघा.

पाय हत्तीसारखे जाडजूड, बोटांत पडदा नाही, तर ते जमिनीवरचं. आपल्याकडे असं पिल्लू म्हणजे बहुधा स्टार कासव, आणि शहरात सापडलं तर कुणीतरी लपूनछपून पाळलेलंच असणार. पण पिल्लावर पूर्ण चांदणी शोधू नका, लहानपणी प्रत्येक खवल्यावर पिवळा ठिपका आणि त्यातून निघणाऱ्या मोजक्याच रेघा असतात, वाढेल तशा त्या वाढतात. मानेच्या वर कवचाच्या काठाला मधोमध एक चिमुकला खवला असतो तो स्टारला नसतो, मादागास्करच्या रेडिएटेड कासवाला असतो, दोघांत गोंधळ झाला तर हे बघायचं.

पडदा आहे, नखं आहेत, कवच कडक आहे, तर गोड्या पाण्यातलं. इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हिरवं पिल्लू, डोळ्यामागे लाल दिसलं की सगळे लगेच रेड इअर्ड स्लायडर म्हणतात, पण गोदावरी, कृष्णेतल्या आपल्या टेंट टर्टललाही डोळ्यामागे लाल असतं. फरक असा की स्लायडरचा रुंद पट्टा मानेकडे जातो, टेंटचा छोटा ठिपका असतो. शिवाय टेंटच्या पाठीवर मधोमध कणा उठून दिसतो आणि तिसऱ्या खवल्यावर टोक येतं. स्लायडरचं पोट पिवळं, प्रत्येक खवल्यावर वेगळा काळा डाग. हे नीट बघाच, कारण टेंट आपल्या नदीत परत गेलं पाहिजे आणि स्लायडर अमेरिकेतलं, ते नदीत सोडलं तर देशी कासवांचं खाणं नि जागा बळकावतं.

पाठीवर उभ्या तीन धारा, रंग काळपट तपकिरी, पोटाच्या कडेला पिवळा पट्टा, तर ते काळं तळ्यातलं कासव. कोकणात पावसात हे जमिनीवरही भटकतं, म्हणून चालताना दिसलं तरी ते जमिनीवरचं समजू नका.

खवलेच नाहीत, वर नुसती कातडी, नाक नळीसारखं पुढे आलेलं, प्रत्येक पायाला तीनच नखं? मग मऊ कवचाचं. पोटाकडून बघा, मागचे पाय झाकणाऱ्या दोन झडपा दिसल्या तर फ्लॅपशेल. झडपा नाहीत आणि पाठीवर डोळ्यांसारखे गोल डाग आहेत, तर लीथचं कासव असू शकतं. आणि पायांऐवजी वल्ही असतील तर समुद्री, वेळास-आंजर्ल्याकडे बहुतेक ऑलिव्ह रिडले, त्याला नळाच्या पाण्याच्या बादलीत ठेवू नका.

फोटो चार काढा, पाठ, पोट, चेहऱ्याची एक बाजू, पाय. उलटं केलंत तर दोन सेकंदात सरळ करा. जात कळेपर्यंत तळ्यात टाकू नका, स्टार कासव पोहू शकत नाही, बुडतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने देशी कासवं घरी ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा हवा जाईल अशा खोक्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ वर लगेच फोन करा.