ऐनवेळची धावपळ थांबवायची असेल तर निघण्याची वेळ आधी ठरवा

सोलापुरात ज्या दिवशी नळाला पाणी येते, त्या दिवशी ते भरायला उशीर झाला अशी तक्रार सहसा ऐकू येत नाही. पाणी काही दिवसांच्या अंतराने येत असल्यामुळे आदल्या संध्याकाळीच पिंपे विसळून ठेवलेली असतात, पाइप जोडलेला असतो आणि मोटारीचे बटण कोणी दाबायचे हेही ठरलेले असते. तेच कुटुंब पुण्याला जायला निघते तेव्हा मात्र चपलांपासून शोधाशोध सुरू होते. म्हणजे वेळ पाळण्याची कुवत आपल्यात नाही असे नव्हे. पाण्याच्या बाबतीत आपण तयारीलाही वेळ लागतो हे गृहीत धरतो, आणि प्रवास, कचेरी किंवा सरकारी अर्ज यांच्या बाबतीत तो वेळ हिशेबात घेतच नाही.

सुरुवात नोंदीने करावी. आठवडाभर घराबाहेर पडताना वहीत दोन वेळा लिहाव्यात: निघायचे किती वाजता ठरले होते आणि दाराला कुलूप प्रत्यक्षात किती वाजता लागले. मधला वेळ कशात गेला, तेही दोन शब्दांत टिपावे. अशा नोंदीची गरज पडते, कारण अंदाज बांधताना माणूस सगळे सुरळीत पार पडेल असेच धरून चालतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या चुकीकडे लक्ष वेधले होते. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत पुरा होईल असे सांगितले, प्रत्यक्षात त्यांना ५५हून अधिक दिवस लागले. तेव्हा ‘आपल्याला पंधरा मिनिटे पुरतात’ या समजुतीपेक्षा वहीतला आकडा खरा मानावा, तो कितीही लाजिरवाणा असला तरी.

नोंदी हाती आल्या, की पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मागे मोजत यावे. पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते आणि आपण शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहतो, असे समजू. सामानासह डबा शोधून निवांत बसायचे, तर ६.१०ला फलाटावर असायला हवे. स्थानकाच्या दारापासून फलाटापर्यंत दहा मिनिटे धरली, तर रिक्षा सहाला तेथे पोहोचली पाहिजे. रस्त्याला पंचवीस मिनिटे, म्हणजे ५.३५. रिक्षा मिळून सामान चढवेपर्यंत आणखी दहा मिनिटे जातात, म्हणजे ५.२५. गॅस, नळ, दिवे पाहणे, देवाला नमस्कार करणे आणि कुलूप लावून एकदा ओढून पाहणे यांना दहा मिनिटे दिली, की ५.१५ ही निघण्याची खरी वेळ ठरते. मनातला हिशेब मात्र ‘साडेसहाची गाडी, वीस-पंचवीस मिनिटांचा रस्ता’ एवढाच असतो आणि त्यात सहा वाजतात. धावपळ होते ती या पाऊण तासातच. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, तेव्हा होम मैदानाकडच्या रस्त्यांसाठी वेगळा वेळ धरावा, हे सोलापूरकराला सांगायला नकोच.

हिशेबात निघालेली वेळ पाळायची, तर सकाळची कामे कमी केली पाहिजेत. कपड्यांना इस्त्री, पिशवी भरणे, ओळखपत्र आणि तिकीट, फोनचे चार्जिंग, गाडीतले पेट्रोल, यांतले एकही काम सकाळीच करावे लागते असे नाही. प्रवासाची शिदोरी तर आपल्याकडे सोपीच आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी रात्री बांधून ठेवली तरी दुसऱ्या दिवशी तितकीच चांगली लागते, मग पहाटे उठून पोळ्या लाटण्याचा अट्टहास कशाला? किल्ल्या, चष्मा आणि पाकीट यांना दाराजवळ एकच जागा द्यावी आणि घरी आल्यावर चपला काढण्याआधी त्या वस्तू तेथे ठेवाव्यात.

एवढे करूनही उशीर होत असेल, तर दोष बहुधा ‘एवढे आटपून निघू’ या वाक्याचा असतो. निघायला सात मिनिटे आहेत असे दिसताच आपण कपडे वाळत घालायला घेतो किंवा एखाद्या संदेशाला उत्तर लिहू लागतो, आणि त्या कामाला पंधरा मिनिटे लागतात. नुसते ‘यापुढे वेळेवर निघायचे’ असे ठरवून हे सुटत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडले, की अमुक घडले तर मी तमुक करीन, अशा नेमक्या शब्दांत केलेला निश्चय अधिक पाळला जातो. म्हणून निश्चय असा करावा: ‘दहाला दहा कमी असताना गजर झाला, की हातातले काम जसे असेल तसे ठेवून मी चपला घालीन.’ घड्याळ दहा मिनिटे पुढे लावण्याचा जुना उपाय मला निरुपयोगी वाटतो, कारण तिसऱ्या दिवसापासून आपण ती दहा मिनिटे मनातल्या मनात वजा करू लागतो.

मुदतीच्या कामांना हाच हिशेब दिवसांत लावावा लागतो. काम उपलब्ध वेळ भरेपर्यंत पसरते, हे ब्रिटिश लेखक सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिलेले निरीक्षण येथे तंतोतंत पटते. बारावीचा निकाल लागला, की उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र यांसाठी सेतू केंद्रांवर रांगा लागतात. या दाखल्यांना २०१५च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे मुदत ठरलेली आहे, पण ती दिवसांत मोजली जाते, त्यामुळे प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यात केलेला अर्ज नियमानुसार हलला तरी वेळेवर हाती पडेल असे नाही. जे काम दुसऱ्याच्या हातात आहे ते सर्वांत आधी सुरू करावे. तलाठ्याचा दाखला, बँकेचे पत्र किंवा पगारातून कापलेल्या कराचा कार्यालयाकडून मिळणारा फॉर्म मागवून ठेवावा आणि मग स्वतःचे लिखापढीचे काम हाती घ्यावे. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते, ती तारीखही कॅलेंडरवर मांडून ठेवता येते. एरवी आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यासाठी दहाला किंवा इतर डब्यांसाठी अकराला उघडणाऱ्या तत्काळवर भिस्त राहते.

घरातल्या सर्वांनी एकत्र निघायचे असेल, तर सर्वांना एकच वेळ सांगून भागत नाही. ज्यांना आवरायला वेळ लागतो, त्यांनी अंघोळीला आधी जावे, हा क्रम रात्रीच ठरवावा. उशीर करणाऱ्याला दारात उभे राहून हाका मारल्याने तो लवकर येत नाही, उलट गडबडीत औषधांची पिशवी तेवढी घरी राहते.

वेळेच्या आधी पोहोचलो तर बसून काय करायचे, ही धास्तीही पुष्कळांना शेवटच्या क्षणापर्यंत घरात अडकवून ठेवते. त्यासाठी वाचायचे राहिलेले काही किंवा करायचे राहिलेले दोन फोन जवळ ठेवावेत. महिनाभराने वही पुन्हा पाहावी, ज्या कामात दर वेळी दहा मिनिटे उरतात तेथली पाच कमी करावीत आणि ज्यात अजूनही ओढाताण होते तेथे वाढवावीत.